आठवड्याचे दोन सेंट

दानाचा इतिहास लिहितांना बहुधा राजेरजवाड्यांच्या आणि सावकारांच्या देणग्या मोजल्या जातात. धर्मशाळेच्या दारावरील संगमरवरी फरशीवर ज्यांचें नांव कोरलें जातें, त्यांचीच आठवण पुढील पिढ्यांस राहते. परंतु एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतील चर्चमध्यें जाणाऱ्या सामान्य गृहिणींनीं समुद्रापलीकडच्या अपरिचित स्त्रियांसाठीं जो निधि उभा केला, त्याच्या दारावर अशी फरशी नाहीं. तो निधि आठवड्यास दोन सेंट या मापानें जमत गेला. लखनौचें एक महाविद्यालय आणि बरेलीचें एक रुग्णालय यांच्या मुळाशीं ही वर्गणी आहे. आपल्याकडील शारदासदनही अशाच लहान वर्गणीवर उभें राहिलें. ही वर्गणी कशी जमली, ती खर्च करण्याचा अधिकार कोणाचा यावरून कोणते वाद झाले, आणि देणाऱ्याच्या हातांतून घेणाऱ्याच्या हातांत जातांना पैशाबरोबर दुसरें काय काय गेलें, हें आज श्रोत्यांपुढें मांडावयाचें आहे.

या प्रथेचें मूळ बरेंच मागें जातें. सन १८०० मध्यें बोस्टन शहरांत मेरी वेब नांवाच्या एका तरुण स्त्रीनें चौदा स्त्रियांची एक मंडळी स्थापन केली. लहानपणच्या आजारानें ती पंगु झालेली होती व चाकांच्या खुर्चीवांचून तिला हिंडतां फिरतां येत नसे. तरी धर्मकार्यासाठीं पैसा जमविण्याचा तिचा उद्योग वर्षानुवर्षें चालू राहिला. पुढें दोन वर्षांनीं त्याच शहरांत सिम्प्किन्सबाईंनीं आठवड्यास एक सेंट वर्गणीची संस्था काढली, आणि थोड्याच काळांत आसपासच्या गांवोगांवीं अशीं 'सेंट-मंडळें' निघालीं. हीं मंडळें स्वतः कोणास परदेशीं पाठवीत नसत. जमलेला पैसा पुरुषांच्या मंडळाकडे पोंचता करणें एवढेंच त्यांचें काम होतें.

पुरुषांच्या अशाच एका मंडळानें पाठविलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरले, आणि तेथूनच अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ झाला. १८२७ च्या अखेरीस या मिशनकडे सिंथिया फरार नांवाची एक अविवाहित शिक्षिका आली. तिनें प्रथम मुंबईस व नंतर अहमदनगरास मुलींच्या शाळा चालविल्या, आणि १८६२ सालीं नगरासच तिचा अंत झाला. जोतीराव फुले यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढण्यापूर्वीं नगरास जाऊन फरारबाईंचें हें काम पाहिलें होतें. परदेशच्या एका शिक्षिकेचें काम पाहून आपल्या घरची शाळा निघावी, हा योग लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

तथापि फरारबाईंसारखी उदाहरणें त्या काळीं विरळा. अविवाहित स्त्रियांस एकट्या परदेशीं पाठवूं नये, असें पुरुष-मंडळांच्या बहुतेक चालकांचें मत होतें. उलट हिंदुस्थानांत व चीनमध्यें प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांपर्यंत पुरुष मिशनरी पोंचूं शकत नव्हता. तेथें स्त्रीच गेली पाहिजे, हें तिकडून परत येणारा प्रत्येक जण सांगत होता. १८३४ सालीं डेव्हिड अबील या मिशनऱ्यानें ही गोष्ट लंडनमध्यें मांडली, तेव्हां तेथील स्त्रियांनीं लगेच एक संस्था काढली. न्यूयॉर्कमध्यें सारा डोरेमस यांनाही तसेंच करावयाचें होतें. पण पुरुष-मंडळाच्या चालकांनीं तूर्त थांबावें अशी विनंति केली, म्हणून त्या थांबल्या. किती थांबल्या, तर तब्बल सत्तावीस वर्षें. अखेर १८६१ सालीं न्यूयॉर्कमध्यें निरनिराळ्या पंथांच्या स्त्रियांची एक स्वतंत्र मिशनरी संस्था स्थापन झाली, डोरेमसबाई तिच्या अध्यक्ष झाल्या, आणि कुमारी मार्स्टन यांस ब्रह्मदेशास पाठविण्यांत आलें.

त्याच वर्षीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. चार वर्षें घरोघरच्या स्त्रियांनीं जखमी सैनिकांसाठीं कपडे शिवले, औषधें धाडलीं, मोठमोठ्या जत्रा भरवून लाखों डॉलर उभे केले. युद्ध संपल्यावर ही शिकलेली विद्या विसरली जाणें शक्य नव्हतें. सभा कशी बोलवावी, जमाखर्च कसा लिहावा, माल कोठें व कसा पाठवावा, हें त्यांस आतां अवगत झालें होतें. विवाहित स्त्रीच्या मिळकतीवर नवऱ्याचा हक्क मानणारा जुना कायदाही कांहीं राज्यांतून शिथिल होऊं लागला होता. तरी बहुतेकींच्या हातीं स्वतःचा म्हणण्यासारखा पैसा म्हणजे अंडीं-लोणी विकून आलेला, अथवा घरखर्चांतून मागें टाकलेला. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर त्यांनीं पुढील उद्योग मांडला.

ता. २३ मार्च १८६९ रोजीं बोस्टनमधील ट्रेमाँट स्ट्रीटवरच्या मेथॉडिस्ट चर्चमध्यें स्त्रियांची एक सभा बोलाविली होती. बोलावणाऱ्यांत क्लेमेंटिना बटलर व लोइस पार्कर या दोघी प्रमुख होत्या; दोघींचेही पति हिंदुस्थानांत मिशनरी होते, आणि इकडील परिस्थिति त्यांनीं स्वतः पाहिली होती. निमंत्रणें पुष्कळ गेलीं होतीं. पण त्या दिवशीं वादळी पाऊस लागला आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच बायका जमल्या. त्यांनीं सभा पुढें न ढकलतां तेथल्या तेथें संस्था स्थापन केली. वर्गणी ठरली ती आठवड्यास दोन सेंट. बावन आठवड्यांचे एकशें चार सेंट, म्हणजे वर्षाकांठीं एक डॉलर आणि वर चार सेंट. त्या काळीं अमेरिकेंत दोन सेंटांचें एक स्वतंत्र ब्राँझचें नाणेंच चालत असे, त्यामुळें ही रक्कम मनांत ठसण्यास सोपी होती. गरिबांतल्या गरीब बाईला आपण संस्थेच्या बाहेर आहों असें वाटूं नये, हा हेतु या आकड्याच्या पोटीं होता.

पण लगेच प्रश्न निघाला तो अधिकाराचा. मेथॉडिस्ट पंथाच्या मुख्य मिशनरी मंडळाचे चिटणीस पुरुष होते. स्त्रियांनीं पैसा जमवावा आणि त्याची व्यवस्था आम्हांवर सोपवावी, अशा आशयाची त्यांची सूचना होती. ती या स्त्रियांनीं नम्रपणें परंतु ठामपणें नाकारली. पैसा आम्ही जमवूं, शिक्षिका व डॉक्टर आम्ही निवडूं, आणि हिशेबही आमचा आम्हीच ठेवूं, असा त्यांचा आग्रह होता. तडजोड झाली ती अशी कीं, या संस्थेनें मुख्य मंडळाच्या उत्पन्नास धक्का लावूं नये, आणि स्त्री-पुरुषांच्या जाहीर सभांतून वर्गणी गोळा करूं नये.

ही अट दिसावयास जाचक होती. जेथें श्रीमंत पुरुष बसतात तेथें हात पसरावयाचा नाहीं, तर मग पैसा आणावयाचा कोठून? परंतु माझ्या मतें या संस्थेच्या सामर्थ्याचें खरें कारण हीच अट होय. मोठ्या देणगीचा मार्ग बंद झाल्यामुळें त्यांना घरोघर जावें लागलें, आणि घरोघर गेल्यामुळें त्यांचा पाया खेडोपाडीं पसरला. प्रत्येक चर्चमध्यें एक शाखा, अनेक शाखांचा एक विभाग, आणि सर्व विभागांच्या प्रतिनिधींची वर्षांतून एकदां सभा, अशी रचना त्यांनीं केली. घराघरांतून पुठ्ठ्याच्या लहान पेट्या ठेविल्या गेल्या. बायबलांत मंदिराच्या भांडारांत दोन टोल्या टाकणाऱ्या गरीब विधवेची कथा आहे. तिच्या त्या टोल्यांवरूनच या पेटीस नांव मिळालें होतें. ठराविक मुदतीनें पेट्या उघडण्याचा समारंभ होई, परदेशांतून आलेलीं पत्रें वाचलीं जात, नकाशा पाहिला जाई. ज्या बाईनें आपला तालुका ओलांडला नव्हता, तिला लखनौ आणि बरेली कोठें आहेत हें सांगतां येऊं लागलें.

१८६९ च्या मे महिन्यांतच संस्थेनें स्वतःचें मासिक काढलें. हॅरिएट वॉरन या त्याच्या संपादिका होत्या, आणि १८९३ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यांनीं तें चालविलें. वाचकांच्या वर्गणीवर हें मासिक आपला खर्च आपण भागवीत असे. पेटी, पत्र आणि मासिक या तीन साधनांवर ही सारी इमारत उभी होती. आणि तिघांचें मर्म एकच होतें, तें म्हणजे नियमितपणा. एका वर्षीं भरघोस व दुसऱ्या वर्षीं शून्य अशा दानावर शाळा चालत नाहीं. शिक्षिकेला दर महिन्यास पगार द्यावा लागतो, आणि तो देण्यास दर आठवड्यास येणारे दोन सेंटच उपयोगीं पडतात.

संस्था सहा महिन्यांचीही झाली नव्हती तोंच तिची कसोटी लागली. लखनौस मिशनरी असलेल्या जेम्स थोबर्न यांची बहीण इझाबेला थोबर्न ही शिक्षिका हिंदुस्थानांत येण्यास तयार होती, पण तिला पाठविण्याइतका पैसा जमला नव्हता. आपण उंची वस्त्रें सोडून साध्या छिटाचीं वस्त्रें नेसून बोस्टनच्या रस्त्यांतून हिंडूं, पण पैशापायीं तिला गमावूं नये, असें एका सभासद बाईनें सभेंत म्हटल्याचें संस्थेच्या इतिहासांत नमूद आहे. तिच्या जोडीस क्लारा स्वेन ही फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची नवी पदवीधर डॉक्टर मिळाली. दोघी १८६९ च्या नोव्हेंबरांत न्यूयॉर्कहून निघाल्या आणि १८७० च्या जानेवारींत मुंबईस उतरल्या.

थोबर्नबाईंनीं १८ एप्रिल १८७० रोजीं लखनौच्या अमीनाबाद बाजारांत एका खोलींत शाळा सुरू केली. पहिल्या दिवशीं सहा मुली होत्या, आणि कोणी त्रास देऊं नये म्हणून दारांत लाठी घेतलेला एक मुलगा उभा करावा लागला होता. पुढील वर्षीं लालबाग नांवाची जागा विकत घेण्यांत आली, शाळा वाढत गेली, आणि कांहीं वर्षांनीं तिच्यांतूनच महाविद्यालय निघालें. १९०१ सालीं पटकीच्या विकारानें थोबर्नबाई वारल्या. महाविद्यालयास आज त्यांचेंच नांव आहे. इकडे बरेलीस डॉ. स्वेन यांनीं औषधोपचारास आरंभ केला. रुग्णालयासाठीं लगतची जागा हवी होती, ती रामपूरच्या नबाबांची होती. १८७१ सालीं त्यांच्याकडे मागणी केली असतां त्यांनीं ती जागा विकत न देतां दानच करून टाकली, आणि १८७४ सालीं स्त्रियांचें रुग्णालय उभें राहिलें. अमेरिकेंतील ख्रिस्ती गृहिणींचे सेंट आणि एका मुसलमान नबाबाची जमीन यांचा असा मिलाफ त्या इमारतींत झालेला आहे.

येथवर सांगितलें तें या कार्याचें उजळ अंग. दुसरें अंग झांकून ठेवणें इतिहासास शोभणार नाहीं. हा सारा पैसा धर्मप्रसारासाठीं जमत होता, आणि देणाऱ्यांच्या मनांत दया जागी करण्यासाठीं पौर्वात्य स्त्रीचें जें चित्र रंगविलें जाई, तें बहुधा एकाच रंगाचें असे. ती अज्ञान, दीन, कोंडलेली, आणि बाहेरून कोणी उद्धार करील म्हणून वाट पाहणारी. आपल्याकडील विधवांचे हाल खोटे नव्हते. पण ज्या समाजांत सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ पासून शाळेंत शिकविलें, त्या समाजाचें हें संपूर्ण चित्र नव्हतें. संस्थेच्या मासिकाच्या नांवांतच 'हीदन', म्हणजे आपल्या धर्माबाहेरील अज्ञ लोक, हा शब्द होता. तसेंच, अनाथ मुलीच्या पालनाचा खर्च देणाऱ्या शाखेच्या इच्छेवरून त्या मुलीस अमेरिकन नांव देण्याचा प्रघात पडला होता. पोटाला अन्न आणि डोक्याला विद्या मिळाली, पण आईबापांनीं ठेविलेलें नांव गेलें, असा हा सौदा होता.

मात्र ज्यांच्यासाठीं हें दान होतें त्याच स्त्रियांनीं पुढें हें चित्र पुसलें, हेंही सांगितलें पाहिजे. लखनौच्या महाविद्यालयांत शिकलेल्या लीलावती सिंग यांचें मूळचें नांव एथेल रफाएल असें होतें. तें टाकून त्यांनीं हिंदी नांव धारण केलें. सन १९०० मध्यें न्यूयॉर्कच्या मोठ्या मिशनरी परिषदेंत त्यांचें भाषण झालें. तें ऐकून अमेरिकेचे माजी अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनीं अशा अर्थाचे उद्गार काढले कीं, मी परदेशच्या कार्यास दहा लाख डॉलर दिले असते आणि ही एकच बाई तयार झाली असती, तरी माझे पैसे फिटले असें मीं मानलें असतें. ज्या मासिकाच्या नांवांत 'हीदन' हा शब्द होता, त्यानेंही १८९६ मध्यें तो शब्द गाळून आपलें नांव बदललें. शिकलेली मुलगी एकदां समोर उभी राहून बोलूं लागली, म्हणजे तिला दीन म्हणणें कठीण होतें.

आतां याच धाग्याचें महाराष्ट्राशीं असलेलें नातें पाहूं. गोपाळराव जोशी यांनीं पत्नीच्या शिक्षणासाठीं एका अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिलें, तेव्हां ख्रिस्ती धर्म स्वीकारावा असा उपदेश त्यांस उत्तरादाखल मिळाला. तो पत्रव्यवहार एका मिशनरी मासिकांत छापला गेला आणि १८८० सालीं न्यू जर्सींतील कार्पेंटरबाईंच्या वाचनांत आला. त्यांनीं धर्माची अट न घालतां साह्याचा हात पुढें केला. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या, ज्या महाविद्यालयांतून क्लारा स्वेन डॉक्टर झाल्या होत्या त्याच महाविद्यालयांतून ११ मार्च १८८६ रोजीं पदवीधर झाल्या, आणि शेवटपर्यंत हिंदु राहिल्या. एकाच मासिकाचें तेंच पान. त्यांत सशर्त दानही होतें, आणि तें वाचून निःशर्त दानही उत्पन्न झालें.

त्या पदवीदान-समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. पुढील वर्षीं त्यांनीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजींत पुस्तक लिहिलें व गांवोगांवीं व्याख्यानें दिलीं. १८८७ च्या डिसेंबरांत बोस्टनमध्यें त्यांच्या साह्यार्थ एक मंडळ स्थापन झालें. एडवर्ड एव्हरेट हेल त्याचे अध्यक्ष होते, आणि ज्यूडिथ अँड्र्यूज या बाईंकडे कार्यकारी समितीची धुरा होती. हें मंडळ कोणा एका पंथाचें नव्हतें. गांवोगांवीं 'रमाबाई-मंडळें' निघालीं. दर सभासदानें दर वर्षीं एक डॉलर द्यावा, असें दहा वर्षें करावें, एवढीच प्रतिज्ञा. पेटी-वर्गणीचाच हा नवा अवतार. मात्र शारदासदनांत धर्मशिक्षण दिलें जाणार नाहीं आणि विद्यार्थिनींच्या रूढींत हात घातला जाणार नाहीं, असें येथें ठरलें होतें.

११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें आणि पुढील वर्षीं पुण्यास आलें. चार वर्षांतच वाद पेटला. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या. आपल्या खोलींत त्या प्रार्थना करीत, आणि दार सर्वांस उघडें असे. कांहीं मुली तेथें जाऊन बसूं लागल्या. हा वचनभंग होय असें पुण्याच्या वृत्तपत्रांनीं म्हटलें. माझें दार मीं कां लावून घ्यावें, असें रमाबाईंचें म्हणणें पडलें. १८९३ मध्यें न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळांतून बाहेर पडले आणि पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या. बोस्टनच्या मंडळानें रमाबाईंची बाजू सोडली नाहीं. दोष कोणाचा याचा निवाडा येथें करावयाचा नाहीं. दोन्ही बाजूंस प्रामाणिक माणसें होतीं. पण सात समुद्रांपलीकडून येणाऱ्या पैशावर चालणारी संस्था आपल्या शेजाऱ्यांच्या विश्वासावांचून किती डळमळते, हें त्या वेळीं दिसून आलें.

त्याच सदनांत गोदूबाई ही विधवा मुलगी आरंभीं दाखल झाली होती. १८९३ च्या मार्चमध्यें तिचा विवाह प्रोफेसर धोंडो केशव कर्वे यांच्याशीं झाला. कर्व्यांनीं १८९६ मध्यें अनाथ बालिकाश्रम काढला, आणि आनंदीबाई झालेल्या या गोदूबाईंनींही त्याच्यासाठीं लोकांच्या घरीं जाऊन वर्गण्या मागितल्या. बोस्टनच्या डॉलरावर शिकलेली स्त्री आपल्या माणसांच्या दारीं आपल्या माणसांसाठीं झोळी घेऊन उभी राहिली. कोणत्याही परदेशी दानाची याहून चांगली परतफेड मला ठाऊक नाहीं.

अमेरिकेंतील चळवळ पुढें फार वाढली. हेलन बॅरेट माँटगोमेरी यांनीं १९१० सालच्या आपल्या पुस्तकांत दोन काळांची तुलना केली आहे. १८६१ सालीं स्त्रियांची एकच मिशनरी संस्था होती, ती आतां चव्वेचाळीस झाल्या होत्या; दोन हजार डॉलरांच्या जागीं वर्षास चाळीस लाख डॉलर जमत होते; सभासदांची संख्या वीस लाखांवर गेली होती. पन्नाशीच्या उत्सवांत, १९१०-११ सालीं, गांवोगांवीं सभा भरवून दहा लाख डॉलरांवर निधि उभा झाला. परंतु याच भरभराटीनें पुरुष-मंडळांचें लक्ष वेधलें. एकाच पंथाचीं दोन मंडळें कशाला, काटकसर करावी, असा विचार पुढें आला. १९२३ मध्यें प्रेस्बिटेरियन स्त्रियांचें मंडळ आणि १९२७ मध्यें काँग्रिगेशनल स्त्रियांचें मंडळ मुख्य मंडळांत विलीन करण्यांत आलें. दोन सेंटांची मेथॉडिस्ट संस्था आणखी बारा-तेरा वर्षें टिकली, आणि तीही अखेर मोठ्या व्यवस्थेंत सामावली. पेट्या घरोघर राहिल्या. किल्ली मात्र पुष्कळ ठिकाणीं दुसऱ्यांच्या हातीं गेली.

लहान वर्गणीची शक्ति आपल्याला अपरिचित नाहीं. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडानें माणशीं एक पैसा मागत मागत १९०८ मध्यें तळेगांवास कांचेचा कारखाना उभा केला. देवळाच्या कामासाठीं अथवा गांवच्या शाळेसाठीं मूठभर धान्य काढून ठेवणाऱ्या बायका आपल्या घराघरांत होऊन गेल्या. तेव्हां पैसा जमविणें आपण अमेरिकेकडून शिकावें असें मी म्हणत नाहीं. शिकावयाचें असेल तर त्या १८६९ सालच्या पावसांत जमलेल्या मूठभर बायकांचा दुसरा निश्चय शिकावा. जी वर्गणी स्त्रिया जमवितात, तिचा हिशेब त्यांनींच लिहावा, आणि ती कोठें खर्च व्हावी हेंही त्यांनींच ठरवावें. आणि ज्यांच्यासाठीं ती खर्च व्हावयाची, त्यांचें नांव, त्यांचा धर्म आणि त्यांचें मत यांसही त्या ठरावांत स्थान असावें. आपल्या ओळखीच्या एखाद्या मंडळाचें वार्षिक प्रतिवृत्त हातीं आलें, तर वर्गणीदारांची यादी वाचून झाल्यावर कार्यकारी मंडळाच्या यादीवरही एकवार दृष्टि टाकावी, एवढीच श्रोत्यांस विनंति आहे.